ताण्याखालची होटगी

तेव्हा आमच्या घरात पोरं तीन आणि पगार एक. म्हणून रविवारी सकाळी मी पोरांना फुकटच्या जत्रेला न्यायची, म्हणजे साखर पेठेतल्या एका गल्लीत. तिथं एक तेलुगू विणकर रस्ताभर सुताचा ताणा लांबवून त्याला कुंच्यानं खळ लावायचा. पोरं त्या ताणलेल्या सुताखालून वाकून पळायची. तो कधी रागावला नाही. उलट पोर पलीकडं निघालं की, आगगाडी पुढच्या स्टेशनात शिरल्यासारखा, म्हणायचा, "होटगी आली, उतरा."

मी मात्र लांब उभी. कारकुनाची बायको ना मी. खळ लागेल म्हणून पदर दोन्ही हातांनी धरलेला.

एकदा धाकटीची सुटलेली वेणी ओल्या सुतात गुंतली. ओढावी तितकी अडकत गेली, ती रडायला लागली. त्यानं कात्री काढली. चूक आमचीच होती. मी म्हटलं, "केस कापा, वाढतील पुन्हा."

"तुमी गप ऱ्हावा की, अम्मा," तो म्हणाला. "केस कापलं तर पोरगी पुन्ना हितं येतंय का?"

आणि त्यानं आपलंच सूत कापलं. खळ वाळायच्या आत सगळे धागे जोडले नाहीत, तर ताणा वाया जाणार होता. तो मांडी घालून गाठी मारायला बसला. धाकटी डोळे पुसून टोकं शोधून देऊ लागली. थोड्या वेळानं त्यानं, वर न बघता, माझ्यापुढंही दोन टोकं धरली.

मी रस्त्यावर बसले. माझ्या पहिल्या दोन गाठी त्यानं सोडून पुन्हा मारल्या. तिसरी तशीच ठेवली.