रोज इमारती पाडणारे शेजारी

चंदनसारच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक इंजिनीअर राहतात. कॉम्प्युटरवर इमारतींना भूकंपाचे हादरे देऊन बघणं हे त्यांचं काम. संध्याकाळी भेटले की मी विचारतो, "आज काय पाडलंत?"

"एक शाळा!" ते खुशीत सांगतात. "आधी काँक्रीट तडकलं, मग सळ्या वाकल्या. तिथून पुढे सरळ हिशेब चालत नाही. खरी मजा तिथेच!" बोलता बोलता पार्किंगच्या खांबावर थाप मारतात, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

एकदा त्यांनी आमचीच इमारत पाडली. मीटिंगमध्ये स्क्रीनवर दाखवलं, वरचे मजले धड आणि खालचं नुसत्या खांबांवरचं पार्किंग भुईसपाट. "खांब जाड करा, मधोमध काँक्रीटची भिंत घाला," ते म्हणाले. पण भिंतीसाठी जागा कोण सोडणार? सगळे पंख्याकडे बघू लागले.

"माझ्या पार्किंगमध्ये बांधा," ते म्हणाले.

आता त्यांची स्कूटर उन्हात असते. दसऱ्याला आम्ही गाड्यांना हार घातले, त्यांनी भिंतीला घातला.

"आज काय पाडलंत?" मी विचारलं.

"आपलीच पाडत होतो," ते हिरमुसून म्हणाले. "हवी तेवढी हलवली. तडे जातात, पण पडतच नाही हो!"