दाजींची शांतिसेना

दाजींचं पदक जुन्या बाजारातून उचललेलं आहे, अशी कुजबुज आमच्या गल्लीत वर्षभर होती. ती मी पसरवली नाही. मी फक्त चार जणांना विचारलं, "तुम्ही ऐकलंत का?"

संशयाला जागा होतीच. परक्या देशात शांतिसेनेत राहून आलेला, निवृत्त झालेला शिपाई. त्याच्या दर्शनी भिंतीवर काय, तर कॅलेंडर! पदक म्हणे कपाटात, मोज्यांच्या खणात. खरं पदक कोणी मोज्यांत ठेवतं का?

दाजी म्हणजे गल्लीतल्या सायकल दुरुस्तीवाल्या दोघा भावांच्या बहिणीचा नवरा. मेहुण्यांचं ऐकून गल्लीनंही त्यांना दाजीच करून टाकलेलं. तिकडे काय केलंत, असं विचारलं की सांगायचे, "पुलावर उभा राहिलो. अलीकडचे पलीकडच्यांना मारायला निघाले की मी मध्ये."

"आणि बंदूक?"

"होती की. चालवायची नव्हती."

इकडे ते यायच्या आधीच सासरे वारले होते आणि मेहुण्यांचं बिनसलं होतं. कशावरून, ते दोघांनाही धड सांगता येत नसे, पण बोलणं बंद. दुकानाच्या मधोमध खडूची रेघ. थोरल्याकडे पंप, धाकट्याकडे पाण्याचं घमेलं. आता पंक्चर काढायचं तर हवा भरायला इकडे, बुडबुडे बघायला तिकडे, ठिगळ लावून पुन्हा इकडे. गिऱ्हाईक गळ्यात ट्यूब अडकवून हेलपाटे घाली.

खरी कुचंबणा ताईंची, दाजींच्या बायकोची. एका भावाकडे चहा घेतला की दुसरा आठवडाभर तोंड फिरवी. दाजींनी आल्या आल्या पदक टांगायला हातोडी उचलली, ती ताईंनी हिसकावून घेतली.

"परक्यांची भांडणं मिटवून आलात ना? आता माझ्या भावांचं मिटवा. तोवर माझ्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही."

"अगं, तिकडे अख्खी पलटण होती!"

"इकडे मी आहे."

दाजींनी वर्षभर समजावून पाहिलं. भिंतीवर कॅलेंडर ते कॅलेंडरच. मग एका सकाळी शांतिसेनेची निळी टोपी चढवून त्यांनी दुकानातली खुर्ची थेट रेघेवर मांडली आणि डोळ्यांना दुर्बीण लावली. धाकटा हाताच्या अंतरावर, तरी दुर्बीण.

"दाजी, काय बघताय?"

"हालचाल."

दोन्हीकडून चहा येई. दोन्ही पीत, कौतुक एकाचंही करत नसत. गिऱ्हाईक ट्यूब घेऊन रेघेशी आलं की यांचा हात आडवा. "थांबा. कुठून आलात? कुठं निघालात? ट्यूब उलगडून दाखवा." तपासणी होईपर्यंत भरलेली हवा निघून जाई. मग पुन्हा पंपापासून सुरुवात!

गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळू लागली. शेवटी थोरला रेघेपलीकडे बघून खेकसला, "तू बोल ना यांना काहीतरी!"

"मी लहान. तू बोल."

"ताईचा नवरा आहे रे!"

"नवरा ताईचा. खुर्ची कोणाची?"

"आपल्या बापाची."

"मग धर तिकडून."

दोघांनी दाजींसकट खुर्ची उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली. ओझं सावरताना चार पायांखाली रेघ पुसली गेली, ते एकाच्याही ध्यानात आलं नाही. ताई समोर तोंडावर हात दाबून उभ्या; हसत होत्या की रडत, मला इतक्या जवळूनही कळेना.

"दाजी, हुसकलं की तुम्हाला!" मी म्हणालो.

दाजींनी दुर्बीण खाली घेतली. "पुलावरही असंच झालं. दोन्हीकडचे मिळून आम्हाला दगड मारायला लागले, तेव्हा साहेब म्हणाले, चला, जमलं बहुतेक."

संध्याकाळी दोघे भाऊ ताईंकडे आले. हातोडी थोरल्याची, खिळा धाकट्याचा. खिळा कुठं ठोकायचा यावरून वाजलंच, पण एका घरात, एका कपबशीतला चहा पीत. मी पदक हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं.

पदक खरं होतं. बायको खिळा ठोकू देत नव्हती.