बाबांचा खडक आणि स्वस्तातला जीपीएस

माझा दादा तोकुइची म्हणजे चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशातला. बोटीचा दोर तुटला की त्याचा तो कमरेला पट्टा करतो, आणि पट्टा झिजला की टोमॅटोच्या रोपाला बांधतो. वहिनी होती तोवर हे सगळं तिनं सोसलं. ती गेली, पाठोपाठ माझा नवराही गेला, मी माहेरी परत आले आणि सोसायची पाळी माझ्यावर आली. आता दोघंही सत्तरीला टेकलोय, भांडायला दुसरं आहे कोण.

आमच्या भांडणाचे विषय दोनच. पहिला अंगणातलं कापराचं झाड. मेलं एवढं माजलंय की आमचं घर बंदरातून दिसतच नाही, नुसतं झाड दिसतं. वसंतात पानं गाळतं ती सगळी पन्हळीत जाऊन बसतात, आणि धुणं म्हणाल तर संध्याकाळपर्यंत ओलं. तोडू या म्हटलं की दादा म्हणायचा, राहू दे. का राहू दे, ते विचारलं की म्हणायचा, सावली बरी पडते. बाबाही हेच म्हणायचे. एकदा आईनं चिडून करवत आणली, तेव्हा ती बाबांनी नेऊन समुद्रात टाकली होती.

दुसरा विषय खडक. आमच्या बेटावर प्रत्येक जुन्या घराचा समुद्रात आपापला एक खडक असतो. वरून पाहाल तर नुसतं पाणी, खाली मात्र मेबारू मासे खच्चून भरलेले. तो सापडतो काठावरच्या खुणांनी. पुढचं काहीतरी मागच्या कशाशी तरी एका रेषेत आणायचं, दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी रेष धरायची, आणि दोन्ही जुळल्या की गळ टाकायचा. या खुणा बाप फक्त मुलाला सांगतो, तेही बोटीवर, जमिनीवर नाही. मुलीला सांगायच्या नाहीत, कारण ती लग्न करून दुसऱ्या बंदराला जाते आणि जाताना खडक हुंड्यात नेते. मी नवरा गेल्यावर परत आले, तरी हा नियम काही माझ्यासाठी बदलला नाही.

तर यंदा काय झालं, एके दिवशी जेवताना दादा आपणहून म्हणाला, तुला झाड तोडायचंय ना, तोड. माझ्या हातातल्या जेवायच्या काड्या सुटल्या. त्याचं मन फिरायच्या आत मी झाडं कापणाऱ्या हामासाकीला गाठलं. तो म्हणाला, पितरांसाठी सगळे गावी येतात तो ओबोनचा सण झाला की येतो. आणि मग तो सण जवळ आला असताना दादाच्या बोटीवरचा जीपीएसचा अँटेना मेला. तेव्हापासून दादा जो सैरभैर झाला, तो का ते मला कळेना. अँटेना आणि झाड यांचा काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

बोटीवर नकाशा दाखवणारा पडदा आहे, तो वहिनी होती तेव्हापासूनचा. त्याला आपण कुठे आहोत हे सांगणारा नवा जीपीएस हवा होता. पलीकडच्या गावात बोटींची यंत्रं दुरुस्त करणारा ओकिमोतो आहे. त्यानं कंपनीचा अस्सल नग दाखवला. दादानं किंमत ऐकली आणि चहा मागितला.

मग सुरू झाली शोधमोहीम. आधी त्यानं गाडीत लावायचा एक आणला. त्याच्या वायरीला संगणकाचं चपटं टोक, आणि आमच्या पडद्याला नुसत्या उघड्या तारा. ते टोक कापून तारा जोडू, असं दादा म्हणाला, तेव्हा ओकिमोतोनं कात्री लपवली. मग कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या बोटीवरचा आणला, तर तो इतक्या भराभर आकडे पाठवायचा की पडद्याला एक अक्षर कळेना. ओकिमोतो म्हणाला, तुमचं यंत्र म्हातारं आहे, त्याच्याशी सावकाश बोलणारा लागतो. दादा म्हणाला, आमच्या घरीही तीच अडचण आहे. हे मला ओकिमोतोच्या बायकोनं नंतर सांगितलं, तेव्हाच कळलं असतं तर त्या दिवशी दादाला जेवण मिळालं नसतं.

शेवटी एक सापडला. मांजू मिठाईच्या गोळ्याएवढा, पांढरा, गोल. पाणी आत न जाणारा, बोटीच्या बॅटरीवर चालणारा, जुन्या यंत्राच्या चालीनं सावकाश बोलणारा, आणि अस्सलच्या चौथाई किमतीत. बांधून देताना ओकिमोतोनं बजावलं की यावर तुमच्या पडद्यात साठवलेल्या जुन्या खुणा सरकतील, त्या पुन्हा जागेवर जाऊन घ्याव्या लागतील. दादाला वाटलं, महागडा गळ्यात मारायची युक्ती आहे. गालात हसत तो गोळा घेऊन घरी आला, केबिनच्या छपरावर बसवला, पडद्यावर आकडे उमटले तसा हात जोडून वाकला. त्या रात्री त्यानं साकेचा एक पेला जास्त घेतला आणि शहाणपणा कशाला म्हणतात यावर मला व्याख्यान दिलं.

दुसऱ्या दिवशी खडकावर गेला आणि रिकामी पेटी घेऊन आला. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. म्हणाला, मासे झोपलेत. धक्क्यावरचे लोक विचारू लागले, काय तोकुइची, तुझे मेबारू ओबोनला गावी गेले वाटतं. एरवी त्यानं अशाला सणसणीत उत्तर दिलं असतं. आता नुसता मान खाली घालून दोर गुंडाळायचा. घरी आला की अंगणाच्या कडेला उभा राहून समुद्राकडे बघायचा आणि डोळे चोळायचा. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगितलाय, पण त्यातही याची काटकसर चालूच. मला राग यायचा आणि त्याची पाठ बघून कीवही यायची.

एका सकाळी तो दाराशी आला. "मित्सुए, बोटीवर चल."

"मी? कशाला?"

"खडक सापडत नाहीये. यंत्र दाखवतं तिथं नुसता चिखल आहे, आणि खुणांनी शोधावा तर मला काठ धुरकट दिसतो." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "बाबांनी एकच गोष्ट हातात दिली होती गं. ती मी घालवली."

एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्यासमोर असं बोलला नव्हता. मी टोपी घातली आणि निघाले.

बंदराबाहेर आल्यावर त्यानं बोट पडद्यावरच्या खुणेवर नेऊन उभी केली. खोली मोजणाऱ्या यंत्रावर तळ पाटासारखा सपाट. दादानं इंजिन हळू केलं, इकडेतिकडे बघितलं, जणू लाटा कान देऊन ऐकतायत, आणि आवाज बारीक करून म्हणाला, "गावाकडे बघ. आपलं झाड दिसतं?"

"ते मेलं कुठून दिसत नाही."

"त्याचा शेंडा मागच्या डोंगराच्या खिंडीत बसला की सांग."

म्हणजे आमच्या खडकाची खूण ते झाड होतं. दादा सुकाणू धरून वाट बघत होता. दुसरी खूणही त्यानं सांगितली, ती कुठली ते मी तुम्हाला सांगणार नाही. मी डावीकडे म्हणे तसा तो वळवी, पुरे म्हटलं की थांबवी. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं मुकाट्यानं ऐकलं. त्या खुणेपासून वायव्येला चारेकशे मीटर गेलो असू, झाडाचा शेंडा खिंडीत नेमका बसला, आणि यंत्रावरचा तळ एकदम भिंतीसारखा वर आला. वर मासेच मासे.

दादानं कपाळावर हात मारला. ओकिमोतोचं बोलणं त्याला तेव्हा आठवलं. आमच्या देशाची नकाशाची मापं पूर्वी वेगळी होती, पुढे जगाची धरली, तेव्हा त्याच जागेचे आकडे चारेकशे मीटर सरकले. जुना अँटेना जुन्या मापात बोलायचा आणि दादानं खडकाची खूण त्याच मापात घेतली होती. नवा गोळा जगाच्या मापात बोलत होता. दोघंही खरं बोलत होते आणि आमचा म्हातारा मधल्या चिखलात गळ टाकून बसला होता.

त्यानं बटण दाबलं, नवी खूण घेतली, दोनदा तपासली. मग नाक पुसत म्हणाला, "झालं. आता खडक यंत्रात आला. हामासाकीला खुशाल झाड तोडू दे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झाड तोड म्हणाला होता तो यंत्रावर विसंबून, माझं धुणं वाळावं म्हणून. मला रडू आलं, त्यात लाज कसली. सगळा जन्म मी त्या झाडाला शिव्या घालत पानं झाडली, आणि ते तिकडे उभं राहून आम्हाला जेवू घालत होतं. बाबांवर इतकी चिडले की ते समोर असते तर त्यांना करवतीमागोमाग समुद्रात टाकलं असतं. एक शब्द सांगायला काय झालं होतं.

"नाही तोडायचं," मी म्हटलं.

"का? आता यंत्र आहे."

"यंत्र स्वस्तातलं आहे, दादा."

सुकाणू माझ्या हातात देऊन तो स्वतः गळ सोडायला गेला.

ओबोन झाल्यावर हामासाकी दोरखंड आणि करवत घेऊन आला. मी त्याला बार्लीचा गार चहा दिला आणि झाड राहू दे म्हणाले. तो वैतागला. गेली कित्येक वर्षं तूच बोंब मारत होतीस, आता काय झालं, असं विचारू लागला. दादा पडवीत बसून जाळं विणत होता, त्यानं मान वर केली नाही, हात मात्र थांबले.

"काही नाही," मी म्हटलं. "सावली बरी पडते."