आईला मी उठवले नाही

आईला डोंगरावर मीच नेले होते.

मी सुधाकर गभणे, वाणिज्य पदवीधर, वय चोपन्न, राहणार अड्याळ. खते-बियाण्यांचे दुकान चालवतो. आज आईला जाऊन एक वर्ष झाले. वर्षभर जे माझ्या पाठीमागे बोलले गेले, त्याचे उत्तर आज समोरून देत आहे.

तेरवीच्या पंगतीत मामा सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले होते,
"काहून नेलं रे माह्या बहिणीले त्या थंडीत? काशीले नेलं असतं तं पुण्य तरी लागलं असतं. बी.कॉम. शिकला, अन् एवढं समजलं नाही?"

माझ्या हातात वरणाची बादली होती. मी वाढत राहिलो.

आता ऐका.

काशीचे मी तिला विचारले होते. तिने साफ नाही म्हटले.
"मले देव नाही पाहाचा. उंचावरून खाली कसं दिसते, ते पाहाचं आहे."

जन्मभर धानाच्या बांधीत वाकलेल्या बाईने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली ट्रिप.

मला सगळे शेड्यूलप्रमाणे लागते. पचमढीला जिप्सी ठरवली. एका दिवसात नऊ पॉइंट, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे. आईच्या अंगावर दोन स्वेटर, शाल, डोक्याला माझी कानटोपी.
"अस्वलावानी दिसून राहिली मी," ती म्हणाली.

पहिल्याच पॉइंटवर सकाळी संपूर्ण दरी धुक्याने भरलेली.
पांढरी. सपाट. काठोकाठ.

बाकीचे टुरिस्ट हळहळत होते, काहीच दिसत नाही म्हणून.
आईने मात्र कठडा घट्ट धरला.

"केवढं पाणी रे! कोणाचं गाव गेलं खाली?"

"आई, ते धुकं आहे."

"मले नको शिकवू. पाणी चढलं का असंच दिसते."

तिला कोण शिकवणार? गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आमचे जुने गाव गेले, तेव्हा ती घराच्या पायरीवर बसून होती. सामानाचा ट्रक उभा होता, माणसे खोळंबली होती. हात धरून तिला मीच उठवले.
वेळ झाली होती, म्हणून.

इथे ती कठड्यापाशी खाली बसली.
ड्रायव्हरने हॉर्न दिला. "माताजी, अभी आठ पॉइंट बाकी हैं!"

"तुमचे तुम्ही पाहून या, भाऊ. मी इथंच आहो."

वीस मिनिटे झाली. चाळीस झाली. ती थरथरू लागली. माझे जॅकेट मी तिच्यावर टाकले.

"आई, थंडी वाजून राहिली का?"

"वाजून राहिली. तू बस."

मी बसलो.

दोन तासांनी धुके फाटले. आधी झाडांचे शेंडे दिसले. मग चार-पाच कौलारू छपरे. एका छपरातून धूर.

आईने माझे मनगट धरले.
"आलं रे वर! अख्खं गाव वर आलं! पाह्य, चूल पेटली!"

या वेळी मी धुक्याचे नाव काढले नाही.

मग ती आपणहून उठली, लुगडे झटकले.
"चाल आता. झालं माह्यं."

परतल्यावर अठराव्या दिवशी ती न्यूमोनियाने गेली.

त्या दोन तासांमुळेच का, असे मी डॉक्टरांना स्पष्ट विचारले. "सांगता येत नाही," ते म्हणाले. उत्तर माझ्या सोयीचे आहे. मी ते वापरणार नाही. समजा, त्या दोन तासांमुळेच गेली. ती थरथरताना मला दिसत होती. उठवले असते तर कदाचित आज असती. हे मी खोडत नाही.

पण मामा, एकदा तिला मी पायरीवरून उठवले आहे. त्यानंतर नव्या घराच्या पायरीवर ती एकदाही बसली नाही. तुम्ही दर दिवाळीला येत होतात. तुमच्या लक्षात आले नाही, माझ्या आले.

दुसऱ्यांदा तिला उठवणे मला जमणार नव्हते. तीच सकाळ पुन्हा आली, तरी जमणार नाही.
माफी मी मागणार नाही.

आई, नऊपैकी एकच पॉइंट पाहिला आपण.
पण पूर्ण पाहिला.

तुला नमस्कार.

— सुधाकर गभणे
अड्याळ, आईचा पहिला स्मृतिदिन