नोर्बुताचा हातगुण

माझ्या हाताला गुण नाही. आमच्या देनाव शहरातल्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तीस वर्षांत मी टाकलेली मिरची कधी उगवली नाही, आणि काकडीचा वेल वीतभर वर आला की मान टाकायचा. माझा नवरा म्हणायचा, "मस्तुरा, तू त्या वाफ्याकडे बघू नकोस. निदान गवत तरी राहू दे." म्हणून वसंतात नवरोजचा सण झाला की मी भिंतीवरून हाक मारायची, "नोर्बुता, ये रे बाबा, चार बिया टाकून जा."

नोर्बुता हा शेजारच्या खोसियतचा एकुलता एक मुलगा. खोसियत माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ओपा, म्हणजे ताई, म्हणते. पोरगा जन्मला तेव्हा त्याच्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या खाली, लाल डाग होता. अशा डागाला आमच्याकडे नोर म्हणतात, त्यावरूनच त्याचं नाव पडलं, आणि हातगुणही त्या डागातूनच आला असं लोक मानायचे. सात वर्षांचा असल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक अंगणात पहिलं बी त्यानेच टाकायचं. बायका त्याच्या खिशात अक्रोड भरायच्या, आणि तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत सरीच्या कडेने बी सोडत जायचा. काय पुटपुटतोस असं विचारलं तर म्हणायचा, "काही नाही खाला, त्यांना उठवतोय."

पोरगा चोवीस वर्षांचा झाला तरी हेच करत होता. गल्लीतली बाकीची मुलं रशियात कामाला जाऊन आली, त्यांच्या घरांवर नवे पत्रे चढले. ओपाला हे सलू लागलं. एका वसंतात माझ्या अंगणातून घरी परतणाऱ्या मुलाला तिने दारातच गाठलं. भिंत आमची मातीची, कमरेहून थोडी उंच. मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"लोकांची मुलं घरं बांधतात, आणि माझा मुलगा बायकांच्या वाफ्यात बी टाकत फिरतो. तोड तो हात आणि फेकून दे. माणसासारखं काही करून दाखव, तोवर मला तोंड दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईच्या अंगणात सगळं पेरलं. टोमॅटो, काकडी, वांगी, झेंडू, आणि पाटाच्या कडेने सब्जा, तो जांभळ्या पानांचा, ज्याचा वास उन्हाळाभर आमच्या कपड्यांना येतो. मग हात धुतले आणि रशियाला निघाला. आमच्याकडे लांब जाणारा माणूस नानचा एक घास चावून जातो, उरलेली नान घरचे भिंतीवर टांगून ठेवतात, तो परत येऊन ती संपवतो. ओपाने नान पुढे केली. त्याने ती चावली नाही.

दोन वर्षं त्याचे निरोप येत होते. नंतर तेही थांबले. त्याच्याबरोबर गेलेली मुलं परतली, पण त्यांनाही काही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून ओपाने आपल्या वाफ्यात स्वतः एकही बी टाकलं नाही. तिथे उगवेल ते नोर्बुताच्याच पेरणीचं उगवलं पाहिजे. फळ झाडावरच पिकून गळायचं, बी आपोआप पडायचं, पुढच्या वर्षी त्यातूनच जे येईल ते येईल. ती फक्त पाणी द्यायची. माझ्या अंगणातला पाट भिंतीखालून तिच्याकडे जातो, आणि गुरुवारी सकाळी आमची पाण्याची पाळी असते. सगळे जण तिला वेडी म्हणत. मी समजावायला गेले तर म्हणाली, "त्याच्या हाताचं आहे तोवर तो आहे. मी माझा हात घातला की संपलं."

आणि ते एकेक करून संपत चाललं होतं. काकडी दुसऱ्याच वर्षी गेली. मग वांगी गेली. टोमॅटो दरवर्षी लहान होत होत बोराएवढा झाला आणि एका वर्षी आलाच नाही. झेंडू नऊ वर्षं टिकला. तो उगवला नाही त्या वसंतात ओपा माझ्याशी महिनाभर बोलली नाही. खरं सांगते, त्या अंगणात पाऊल टाकायला मला भीती वाटायची. उघडी बोडकी जमीन, आणि पाटाच्या कडेला तेवढी सब्ज्याची जांभळी रेघ. रेघेजवळ उभं राहिलं की कुणीतरी नुकतंच तिथून उठून गेलंय असं वाटायचं.

अकराव्या वर्षी नवरोजनंतर गारा पडल्या. एप्रिल निम्मा सरला तरी सब्जा वर आला नाही.

ओपा भिंतीपाशी आली. आवाज अगदी साधा, मीठ मागावं तसा.

"मस्तुरा, तुती पिकेपर्यंत वाट बघते. नाही उगवलं, तर मौलवींना बोलावते. त्याच्या नावाने मयताचा पुलाव घालते आणि मोकळी होते."

"मोकळी म्हणजे काय ओपा?"

"म्हणजे मग मला इथे काय काम आहे?"

जेवण तर तिने आधीच सोडल्यात जमा होतं. चेहऱ्याची नुसती हाडं उरली होती. तुती पिकायला तीन आठवडे होते.

मी बाजारातून मूठभर सब्जा आणला. गुरुवारी पाणी आलं तेव्हा भिंतीखालच्या बिळापाशी बसले आणि थोडं थोडं बी पाण्यात सोडलं. सब्जा भिजला की बुळबुळीत होतो, काठाच्या चिखलाला चिकटतो. माझ्या हाताचं ते, उगवणार नाहीच, असं मनात होतं. तरी सोडत गेले.

बाराव्या दिवशी ओपाची हाक आली. पाटाच्या दोन्ही कडांनी हिरवे कोंब उभे होते, ओळीत, दाट. ती गुडघ्यांवर बसून रडत होती. मीही रडले, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ती त्या दिवशी दोन वाट्या शोरबा प्यायली.

पण कोंबांना खरी पानं फुटली, आणि ती हिरवीच राहिली. बाजारातला सब्जा हिरव्या जातीचा निघाला. पेरणारणीने बी विचारून घ्यायचं असतं, पण मी जन्मात कधी पेरणारीण होते?

आता पकडली जाणार, असं धरूनच मी तिच्याकडे गेले. बाजेवर नवी गादी होती. चहाची किटली, दोन पेले. अंगणाचं दार सताड उघडं.

"आला होता," ती म्हणाली. "हे त्याच्या जुन्या बियांचं नाही. हे नवं बी आहे, तिकडून आणलेलं. बघ, पाटाच्या कडेनेच टाकलंय. आला, पेरलं, आणि मला न उठवता गेला. अजून रागावलाय माझ्यावर."

त्यानंतर ती दाराला कडी लावेना. रोज सकाळी दोन पेले धुऊन ठेवी, आणि मला विचारी, "तुला काही आवाज आला का गं?" आठ दिवस मी नाही म्हणाले. नवव्या दिवशी मला ते सोसवेना. मेलेल्याची वाट बघणं एक, पण येऊन तोंड न दाखवता गेलेल्याची वाट बघणं फार वाईट. ते तिच्या पदरात मी घातलं होतं.

दुपारी जाऊन मी सगळं सांगून टाकलं. बाजार, मूठभर बी, भिंतीचं बीळ, सगळं. वाटलं, आता ही मला हाकलून देईल.

ओपाने त्या रेघेकडे पाहिलं.

"तू टाकलंस."

"मी टाकलं, ओपा. माफ करा."

"तुझी मिरची कधी उगवली होती का मस्तुरा?"

"नाही."

"काकडी?"

"नाही."

"मग हे कसं उगवलं?"

एकही बी वाया गेलं नव्हतं. एवढं दाट तर मी नोर्बुताच्या हातचंही पाहिलं नव्हतं.

"अकरा वर्षांत तुला हे कधी सुचलं नाही," ती म्हणाली. "याच वर्षी सुचलं. बी सोडताना तू तोंडाने काही म्हणत होतीस का?"

म्हणत होते. आता आठवलं. पाण्याकडे बघत मी उठा रे, उठा रे, म्हणत होते. नोर्बुताही बियांना असाच उठवायचा.

ओपाने माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला, तळवा वर केला, आणि अंगठ्याखालची जागा आपल्या बोटाने हळूहळू चोळत राहिली. माझ्या तोंडाकडे तिने पाहिलंही नाही. ती त्या हाताशीच बोलत होती.

"तोडून फेक म्हणाले होते ना मी," ती म्हणाली. "चुकलं माझं, बाळा. आता चहा पिऊन जा."

तिने पेला भरला आणि माझ्या त्या हातात दिला. मी नोर्बुता नाही, हे मला तिला सांगता आलं असतं. मी चहा प्यायले.