पाटावरचा पांढरा चेंडू

आठल्ये सरांना दुपारी झोप येत नाही, असं ते अख्ख्या सांगलीला सांगत आले आहेत. खरं म्हणजे जेवण झालं आणि व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत पाठ टेकली, की त्यांची मान कलते आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबतो. आज मात्र त्यांना खरंच झोपायचं नाही. आज खंडेनवमी आहे, संध्याकाळी जिमखान्यावर पूजा आहे, आणि समोर टीपॉयवर एक स्टीलचा डबा ठेवलेला आहे. त्या डब्याकडे बघायचं नाही म्हणून सरांनी डोळे मिटलेत, एवढंच.

खंडेनवमीला लोहार ऐरण पुजतो, गवंडी थापी पुजतो, तशी जिमखान्यात बॅटी, स्टंप आणि पॅड पुजायची पद्धत आहे. पण इथं आणखी एक रीत आहे, ती दुसरीकडे कुठं नसेल. जिमखान्याचा खेळाडू वारला, की त्याच्या शेवटच्या सामन्यातला चेंडू खंडेनवमीला पाटावर मांडतात, आणि मग तो कायमचा त्या ओळीत राहतो. खुद्द सरांच्या गुरुजींचा चेंडू तिथं आहे, काळा पडून सुपारीसारखा झालेला. सगळे चेंडू लाल. म्हणजे कधीतरी लाल होते. पाटावर काय मांडायचं हे सर ठरवतात आणि त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही.

डब्यातला चेंडू पांढरा आहे. तो कुंतिनाथ मगदूमचा.

कुंतू हा सरांचा डावखुरा फिरकी गोलंदाज. लहान होता तेव्हापासून सरांनी त्याला घडवला, रागावून, कान पिळून, आणि एकदाही कौतुक न करता. चेंडू अगदी मनासारखा पडला तर सर म्हणत, "ठीक." त्याच्या पुढचा शब्द सरांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. माया होती, पोटच्या पोरावर असावी तेवढी होती. पण ती बोलून दाखवायची तर सरांच्या जिवावर येई. पुढं कुंतूला लीगच्या एका टीमनं घेतलं. प्रकाशझोतात सामना, पांढरा चेंडू, चार षटकं टाकायची, विकेट पडली की गाणं. सर म्हणाले, हे क्रिकेट नव्हे, वरातीतला नाच आहे, आणि सामना बघायला गेले नाहीत.

मग उन्हाळ्यातला तो सामना. फलंदाजानं सरळ मारलेला चेंडू कुंतूच्या कानशिलावर बसला, तिथून उडाला आणि मिडऑफच्या हातात गेला. झेल. विकेट. त्या टीमनं विकेटचा एक नाच बसवलेला होता: गोलंदाजानं मैदानावर आडवं पडायचं आणि बाकीच्यांनी हात वर करून त्याच्याभोवती फेर धरायचा. कुंतू आडवा पडला. पोरांनी फेर धरला. गाणं पुरतं वाजलं, आणि ते थांबल्यावर तो उठेना तेव्हा कुठं कुणाला कळलं. इस्पितळात नेला तो परत आला नाही.

आज सकाळी त्याची बायको पद्मजा डबा घेऊन आली होती.

"सर, हा संध्याकाळी पाटावर ठेवायचा."

"पद्मजा, तिथं क्रिकेटचे चेंडू ठेवतात."

"मग हे काय खेळत होते?"

"तमाशा चालला होता तो. त्या तमाशानंच मारला त्याला. अन् आता त्याचीच पूजा करू म्हणतेस?"

पद्मजा रडली नाही. तिनं डबा टीपॉयवर ठेवला. "तो शेवटचा बॉल तरी बघितला का तुम्ही? गावातल्या सगळ्यांच्या फोनवर आहे."

"मी बघणार नाही."

"संध्याकाळपर्यंत विचार करा. तुम्ही नको म्हणालात, तर मी तो कृष्णेत सोडून येते. घरात ठेवायला मला जमणार नाही."

सर विचार करत नाहीत. डोळे मिटून बसलेत.

रस्त्यानं झेंडू विकणारी बाई ओरडत जाते. तिचा आवाज कोपऱ्यापर्यंत जातो, वळतो, आणि वळल्यावर तो बाईचा राहत नाही. कुणीतरी काथ्याची मॅट अंथरतंय, ती जमिनीवर आपटल्याचा आवाज आहे. सर म्हणतात, "खिळे नीट ठोका रे."

"ठोकल्यात, सर."

व्हरांड्याच्या पायरीवर बसून कुंतू बुटाची नाडी बांधतोय. उजवा तळवा कानशिलावर घट्ट दाबलेला, म्हणून एका डाव्या हातानंच बांधतोय. काही केल्या ती बांधली जात नाही. तो गेलेला आहे हे सरांना नीट ठाऊक आहे. तरी त्यांच्या मनात पहिलं येतं ते हेच, की आज हा उशिरा आला.

"डोकं दुखतंय का रे?"

"लई न्हाई. झोपलासा व्हय तुम्ही?"

"मी दुपारी झोपत नाही."

"ते ठाव हाय मला," कुंतू म्हणतो आणि खाली बघून हसतो.

सर वाकून त्याची नाडी बांधतात. बूट ओला आहे, पाऊस तर नाही. मान वर करून बघतात तो व्हरांड्याचा कठडा गेलेला. तिथं नेट आहे, आणि नेटमधून मॅट सरळ पुढं गेली आहे. दोघं तिच्यावरून चालू लागतात.

"डबा उघडला न्हाईसा," कुंतू म्हणतो.

"उघडणार नाही. मी तुला काय शिकवलं ते सांगशील का? मी फिरकी शिकवली तुला. फसवायला शिकवलं. अन् तू त्या रंगीबेरंगी सदऱ्यात जाऊन उभा राहिलास. विकेट पडली की आडवं पडायचं म्हणे. सोंगाड्या झालास."

"सोंगच हुतं ते, सर. मी कुठं न्हाई म्हणतोय? तो माईकवाला माझं नाव कधी नीट घेत नव्हता. नाच बसवायला मास्तर आणला हुता. मला लाज वाटायची, म्हणून मी लवकर आडवा पडून डोळं झाकून घ्यायचो." तो मागच्या नेटकडे मान वळवतो. "पण माणसं आली हुती, सर. आपल्या जिमखान्याच्या मॅचला कोण येतंय? तुम्ही, आन ते म्हातारं कुत्रं."

"कुत्र्याला क्रिकेट कळतं."

"कळतंय की. लंचला बरोबर उठतंय."

सरांना हसू येतं. मॅटचा काथ्या संपून पायाखाली गुळगुळीत फरशी आली आहे. फिनेलचा वास येतोय. दोन्ही बाजूंना बाकांवर रुग्णांचे नातेवाईक बसलेत, आणि प्रत्येकाच्या हातात चौकार-षटकारांची पुठ्ठ्याची कार्डं आहेत. कुणीच ती वर धरलेली नाहीत. एक म्हातारी आपलं कार्ड मांडीवर पालथं घालून त्यावर हात फिरवत बसली आहे. ती कुंतूची आई आहे, पण सरांना तिच्याकडे बघवत नाही.

"ते तुझ्याभोवती नाचले, कुंतू," सर म्हणतात. आवाज त्यांचाच, पण म्हाताऱ्या माणसाचा वाटतो. "तू मरत होतास अन् ते नाचत होते. त्याला मी खेळ म्हणू?"

"त्यास्नी कसं कळणार? ठरल्यासारखाच पडलो की मी. डोळं झाकलेलं, हात पसरलेलं. एवढा चांगला मी सरावात कधी पडलो नव्हतो."

तो हे रागानं म्हणत नाही. सरांना वाटतं, रागावला असता तर बरं झालं असतं.

दार ढकललं तर पलीकडे लख्ख उजेड. प्रकाशझोत लागलेत, आवाज मात्र कसलाच नाही. मधोमध त्या टीमची पोरं गोल करून उभी आहेत, हात वर केलेले, तोंडं उघडी, जागच्या जागी थिजलेली. गोलाच्या मध्ये मोकळी जागा आहे. कुंतू त्यांच्याकडे बघून मान हलवतो, ओळखीच्या माणसाला करतात तशी, आणि चेंडू सरांच्या पुढं धरतो.

"जरा चमक मारून द्या की. माझा एकच हात मोकळा हाय."

"पांढऱ्याला कसली चमक? रंग सोडत नाही, धरत नाही."

असं म्हणतात खरं, पण चेंडू हातात आल्यावर सरांचा हात गप्प बसत नाही. त्यांनी तो मांडीवर घासायला सुरुवात केलीय. दाबून, एकाच बाजूनं, आयुष्यभर घासला तसा. चेंडू कोमट आहे. कुंतू शांतपणे बघत उभा आहे.

"कॅप्टन वरडत हुता, सपाट टाक, जोरात टाक," कुंतू सांगतो. "आधीच्या षटकात मी तसंच टाकलं हुतं. पण तो बॅटवाला पाय नाचवाय लागला. पुढं यायाची तयारी. मला तुमचं आठवलं. घाबरलास की चेंडू सपाट पडतो, म्हणून घाबरलास की वर दे. मी लई घाबरलो हुतो, सर. ती भीती आपल्या मैदानावरचीच हुती. तिला लीग-बीग कळत न्हाई."

"मग?"

"मग वर दिला. हितं उभं ऱ्हावा, दावतो."

सर पंचाच्या जागी उभे आहेत. तिथं ते कसे आले हे ते विचारत नाहीत. कुंतू चार पावलं चालत येतो, लहानपणी यायचा तसा, जरा डावीकडे झुकून. चेंडू हातातून सुटतो आणि वर जातो, सरांच्या डोळ्यांच्या वर, दिव्यांच्या उजेडात. तिथं तो क्षणभर रेंगाळतो. फलंदाज पुढं धावत येतोय. त्याला वाटतं चेंडू अजून पुढं येईल. पण चेंडू आखडता येतो, पटकन खाली उतरतो, आणि सरांना कळतं की आता याला तो नीट सापडत नाही. सरांनी जन्मभर हेच तर शिकवलं. अंगावर काटा येतो त्यांच्या. सुख होतं म्हणा ना, आणि त्या सुखाचीच त्यांना भीती वाटते.

बॅट फिरते.

"चकला, सर," कुंतू शेजारी उभा राहून हळूच म्हणतो. "डोक्यावरनं जायाचा, पण चकला म्हणून डोक्यात आला. नीट लागला असता तर सिक्सर गेला असता. मला शिव्या बसल्या असत्या, आन मी रातच्याला घरी जेवाय गेलो असतो."

सर त्याच्याकडे वळतात. "म्हणजे माझ्यामुळं, कुंतू. सपाट टाकला असतास तर..."

"तुमचं काय न्हाई ओ. मी टाकला, माझा चेंडू हाय." तळवा अजून कानशिलावरच आहे. "एवढंच सांगा, कसा हुता? तमाशातला हुता का क्रिकेटमधला? कुणी सांगितलंच न्हाई मला. विकेट पडली आन लगेच गाणं लागलं."

सर तोंड उघडतात. शब्द तयार आहे, ओठांपर्यंत आलेला आहे. तेवढ्यात गाणं सुरू होतं. एवढ्या जोरात, की फरशी थरथरते, बाकांवरची कार्डं खाली पडतात. पोरांचा थिजलेला गोल फिरू लागतो. शेजारी कुंतू नाही. तो त्या गोलाच्या मध्ये आडवा आहे, हात पसरून, आणि या खेपेला डोळे उघडे ठेवून सरांकडेच बघतोय. उत्तराची वाट बघतोय. सर ओरडतात, पण त्यांना स्वतःलाही ऐकू येत नाही. ते पोरांना बाजूला सारायला बघतात, एकेकाच्या दंडाला धरून ओढतात. पोरं हसत हसत त्यांचाही हात धरतात, वर उचलतात आणि फेरात घेतात.

चष्मा मांडीवर पडतो, आणि सर जागे होतात.

ऊन पायरीवरून खाली उतरलंय.  टीपॉयवर डबा तसाच आहे, पद्मजानं बांधलेल्या फडक्याची गाठही तशीच. सर चष्मा उचलायला हात खाली नेतात आणि तिथंच थांबतात.

लेंग्यावर उजव्या मांडीला लाल डाग आहे. लांबट, बाहेरच्या कडेला गडद, आत फिका होत गेलेला. असा डाग सरांनी जन्मभर बघितला. त्यांची बायको होती तोवर तो घासता घासता दमून जायची. नव्या लाल चेंडूला चमक मारली की उठतो तो. पण लाल चेंडूला हात लावून त्यांना वर्ष होत आलं, आणि पूजेचं कुंकू अजून दुकानातच आहे. सर बोट ओलं करून डाग पुसून बघतात. जात नाही. मग ते गाठ सोडतात आणि डबा उघडतात. आतला चेंडू पांढरा आहे, कोरडा, एका बाजूला जरा चेपलेला.

बऱ्याच वेळानं ते फोन लावतात.

"पद्मजा, संध्याकाळी ये. चेंडू तू स्वतः मांडायचा. माझ्या गुरुजींच्या शेजारी जागा आहे."

 पलीकडून ती विचारते, "बघितला तुम्ही? तो बॉल?"

"बघितला." सर अंगठा डागावर ठेवतात. "चांगला होता. फार चांगला होता गं. याहून चांगला मला कधी टाकता आला नाही."

"हे ते असताना म्हणायचं, सर," पद्मजा म्हणते आणि फोन ठेवते.

सर डब्याला परत फडकं बांधतात. मग लेंगा न बदलताच उठतात, डबा छातीशी धरतात आणि जिमखान्याच्या रस्त्याला लागतात.