बिराप्पांची महादेवी

बीदरच्या कोर्टातून घरी निघालो होतो, तेवढ्यात महादेवीचा फोन आला. "वकीलसाब, अप्पा गेले..." ती म्हणाली. हुलसूरच्या बिराप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ही महादेवी त्यांच्या खांद्यावर झोपलेली होती. त्यांची बायको, शांताबाई, नुकतीच आजारपणात गेली होती आणि मन्नाएखेळ्ळीच्या एका माणसाने दावा लावला होता, की मुलगी माझी आहे, डीएनए तपासणी करा.

मी त्यांना कायदा समजावून सांगितला. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानलं जातं. ते खोडायचं तर त्या काळात नवरा-बायकोची भेट होणंच शक्य नव्हतं, हे समोरच्याने सिद्ध करावं लागतं. बिराप्पा तेव्हा मेंढरं घेऊन लांब जात, म्हणून त्या दिवसांबद्दल मी खोदून विचारलं. मधूनमधून घरी येत होतो, म्हणाले. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "रगत दुसऱ्याचं निघालं तर पोरगी जाती का?"

मुलगी आपली नाही हे त्यांना ठाऊक होतं, का नुसती शंका होती... मला फार कुतूहल वाटलं, पण दाव्याला त्याची गरज नव्हती, म्हणून विचारलं नाही. कोर्टाने तपासणीची मागणी फेटाळली, पुढे दावाही. बाहेर आल्यावर बिराप्पांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा नवल जास्त होतं.

"म्हंजी कायद्यानं रगत बघितलंच न्हाई?"

"नाही."

"बरं केलं," ते म्हणाले आणि पोरीला उचलून बस स्टँडकडे चालू लागले.

दिवसकार्य झाल्यावर मी हुलसूरला गेलो. महादेवी आता शाळेत शिकवते. इतकी वर्षं मनात राहिलेला प्रश्न अखेर तिलाच विचारला. ती शांतपणे सांगू लागली. शांताबाईंनी जाण्याआधी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. महादेवी कॉलेजात गेल्यावर बिराप्पांनी ते तिच्या कानावर घातलं, आणि त्या माणसाला बघावंसं वाटलं तर लपून जाऊ नकोस म्हणून स्वतःच तिला मन्नाएखेळ्ळीला घेऊन गेले. ती त्या माणसाच्या घरी गेली, ते हायवेच्या कडेला बसून राहिले.

"परत आले तर काय बोलणं झालं, कामून उशीर झाला, काहीच विचारलं न्हाई अप्पांनी," ती म्हणाली. "भूक लागली का, एवढंच विचारलं. मला लई लागली व्हती... मग आम्ही तिथंच इडली खाल्ली आणि घरी आलो."